आधी हाताने, मग आपोआप: सर्व्हरवर फायली पाठवण्याची सोय लावताना

संगणकावरच्या फायली रोज आपोआप सर्व्हरवर जाव्यात म्हणून सोय लावायला बसलेला नवखा माणूस बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरुवात करतो. आधी वेळ ठरवतो, रात्री अडीचचं काम लावून टाकतो आणि सकाळी सर्व्हरवर काहीच दिसलं नाही की डोक्याला हात लावतो. आता चूक शोधायची कुठे? पत्ता चुकला, पासवर्ड अडला, फोल्डरचं नाव हुकलं, की काम सुरूच झालं नाही? चार गाठी एकदम बसलेल्या असतात. मीही हेच केलं होतं. म्हणून इथला क्रम असा: आधी जोडणी हाताने, मग तीच पासवर्डशिवाय, मग अख्खा फोल्डर एका कमांडने, आणि वेळापत्रक सगळ्यात शेवटी. एक पायरी नीट चालल्याशिवाय पुढची चढायची नाही.

वाचण्याआधी एक सूचना. फोनवरून कुणाला कमांड सांगावी, तशा मी त्या देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं वापरायची, आणि सगळी लहान. स्पेलिंगमध्ये घोटाळा होण्यासारखा असेल तिथे अक्षरं सुटी करून सांगितली आहेत.

रस्ता कोणता

एफटीपी, म्हणजे नेटवर्कवरून फायली पाठवायची जुनी पद्धत, हे नाव बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. एमआयटीत असताना अभय भूषण यांनी १९७१ मध्ये त्याचा पहिला आराखडा लिहिला, तो आरएफसी ११४ नावाचा दस्तऐवज. तेव्हा नेटवर्कवरची मंडळी मोजकी होती आणि पासवर्ड उघडाच जायचा. साध्या एफटीपीत तो आजही उघडाच जातो. वाटेत कान लावून बसलेल्या कुणालाही वाचता येतो. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं, दोन संगणकांमधलं बोलणं कूटबद्ध करणारी, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येऊ न देणारी पद्धत. त्यासाठी त्यांनी मागून घेतलेला पोर्ट २२, म्हणजे एफटीपीचा २१ आणि टेलनेट या दूरच्या संगणकात शिरायच्या जुन्या सोयीचा २३ यांच्या मधला. आज फायली पाठवायच्या त्या याच बावीस नंबरच्या दारातून.

त्या दारातून जायचे दोन सोपे मार्ग आहेत, एसएफटीपी आणि आरसिंक. एफटीपीएस हे नाव एसएफटीपीसारखं वाटतं, पण ते वेगळं प्रकरण आहे. जुन्या एफटीपीवर कूटबद्धतेचं पांघरूण घातलं की एफटीपीएस होतं. एसएफटीपी मुळातच एसएसएचचा भाग आहे. सर्व्हर देणाऱ्याने नुसती एफटीपीची माहिती हातात ठेवली, तर एसएफटीपी मिळेल का हे आधी विचारून घ्या.

रोजच्या कामाला मला आरसिंक आवडतं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ते १९९६ मध्ये आणलं. ते आधी प्रत्येक फाईलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ पाहतं. दोन्ही जुळलं तर त्या फाईलला हातही लावत नाही. नाही जुळलं तर फाईलचे तुकडे करून ताडून बघतं आणि बदललेले तुकडेच पाठवतं. मोठ्या लॉग फाईलच्या, म्हणजे नोंदवहीच्या, शेवटी चार ओळी वाढल्या असतील, तर जातात त्या जवळपास चार ओळीच. मात्र आरसिंक दोन्ही बाजूंना बसवलेलं असावं लागतं. सर्व्हरवर ते नसेल आणि बसवू देत नसतील, तर एसएफटीपीवर समाधान मानावं लागतं.

पहिली पायरी: एकदा आत जाऊन या

हाताशी तीन गोष्टी हव्यात: सर्व्हरचा पत्ता, वापरकर्त्याचं नाव आणि पोर्ट. पोर्टबद्दल कुणी काही सांगितलं नसेल तर तो २२ धरा. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा आणि एसएसएच, मोकळी जागा, वापरकर्त्याचं नाव, ॲटचं चिन्ह, पत्ता, असं टाइप करा. विंडोजवरही २०१८ पासून एसएसएच सोबतच येतं, त्यामुळे तिथेही हीच कमांड चालते.

पहिल्याच वेळी एक प्रश्न येतो: या सर्व्हरचा ठसा अमुक आहे, पुढे जायचं का? ठसा म्हणजे त्या सर्व्हरची ओळख पटवणारी अक्षरांची रांग. बहुतेक जण न वाचता हो म्हणतात. तुम्ही सर्व्हरच्या नियंत्रण पानावर दिलेला ठसा जुळतो का ते पाहा आणि मगच हो म्हणा. हा प्रश्न पुढे आपल्या कामाचा आहे, कारण रात्री आपोआप चालणाऱ्या कामाला त्याचं उत्तर देता येत नाही. ते अडकून पडतं किंवा बंद होतं. म्हणून ज्या खात्यातून काम चालणार आहे, त्याच खात्यातून एकदा हाताने आत जाऊन यायचं. मी एकदा स्वतःच्या खात्यातून आत जाऊन आले आणि काम लावलं ॲडमिनच्या खात्यात. त्या खात्याने तो सर्व्हर कधी पाहिलेलाच नव्हता.

पुढे कधी ठसा बदलल्याचा मोठा इशारा आला, तर जुनी नोंद लगेच पुसू नका. सर्व्हर नव्याने उभारला आहे का ते आधी विचारा.

दुसरी पायरी: पासवर्डऐवजी किल्ली

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांड एकाखाली एक लिहिलेल्या फाईलमध्ये, लिहून ठेवायचा मोह होईल. नका लिहू. ती फाईल कुठे कुठे कॉपी होत जाते याचा पत्ता लागत नाही. त्याऐवजी किल्ल्यांची जोडी करायची. खासगी किल्ली आपल्या संगणकावर राहते आणि सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर जाते. खासगी किल्ली कुणालाही द्यायची नाही, सर्व्हरलासुद्धा नाही.

कमांड आहे एसएसएच-कीजेन, त्यापुढे डॅश टी आणि प्रकाराचं नाव ई-डी-२५५१९, सलग. किल्ली कुठे ठेवू असं ती विचारते, तिथे नेहमीच्या किल्लीहून वेगळं नाव द्या. मग सांकेतिक वाक्य विचारते. माणसाच्या रोजच्या वापराच्या किल्लीला ते हवंच, पण रात्री वाक्य टाइप करायला कुणी नसतं, म्हणून या किल्लीला ते रिकामं सोडावं लागतं. अशी किल्ली चोरीला गेली तर थेट चालते, आणि म्हणूनच ती फक्त याच कामापुरती वेगळी केलेली हवी. सर्व्हरवरही तिला वेसण घालता येते. अधिकृत किल्ल्यांच्या, म्हणजे ऑथोराइज्ड अंडरस्कोर कीज नावाच्या, फाईलमध्ये तिच्या ओळीच्या सुरुवातीला, ही किल्ली घेऊन येणाऱ्याने फक्त अमुक कमांड चालवावी, असं लिहिता येतं. आरसिंकसोबत येणारी आर-आर-सिंक ही छोटी स्क्रिप्ट तिथे लावली, तर ती किल्ली एका फोल्डरच्या बाहेर जात नाही. पहिल्या दिवशी हे जमलं नाही तरी चालेल, पण महिन्याभरात करून टाका.

सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर नेण्यासाठी एसएसएच-कॉपी-आयडी ही कमांड आहे. किल्लीचं नाव वेगळं आहे, म्हणून तिला डॅश आय देऊन किल्लीची जागा सांगा. ती किल्ली योग्य फाईलमध्ये योग्य परवानग्यांसह ठेवते. हाताने ठेवणार असाल तर परवानग्यांकडे लक्ष द्या: सर्व्हरवरच्या डॉट-एसएसएच फोल्डरला ७००, आतल्या फाईलला ६००, म्हणजे मालकाशिवाय कुणालाच प्रवेश नाही. त्या सैल असतील तर सर्व्हर किल्ली नाकारतो, आणि का नाकारली ते तुम्हाला सांगत नाही, नुसता पुन्हा पासवर्ड मागतो. नव्या माणसाचा अख्खा दिवस इथे जातो.

किल्ली खरंच चालते का हे पाहायची पद्धत: एसएसएचला डॅश आय देऊन या किल्लीची जागा आणि डॅश ओ देऊन बॅचमोड इक्वल टू येस सांगा आणि जोडून पाहा. या स्थितीत एसएसएच काहीही विचारत नाही. किल्ली चालली तर आत जातं, नाही तर सरळ नकार देऊन बाहेर पडतं. तुमचं रात्रीचं काम नेमकं असंच वागणार असतं.

आता आपल्या संगणकावरच्या डॉट-एसएसएच फोल्डरमध्ये कॉन्फिग नावाची फाईल करून तिच्यात या सर्व्हरला एक टोपणनाव द्या आणि त्याखाली पत्ता, वापरकर्ता, पोर्ट आणि किल्लीची जागा लिहा. मी टोपणनाव ठेवलं आहे जतन. यापुढे सगळीकडे लांबलचक पत्त्याऐवजी जतन एवढंच लिहायचं. उद्या सर्व्हर बदलला तर दुरुस्ती एकाच जागी करावी लागते.

तिसरी पायरी: एक कमांड, अख्खा फोल्डर

आरसिंकचं स्पेलिंग आर, एस, वाय, एन, सी. कागद नावाचा फोल्डर पाठवायचा असेल तर कमांड अशी:

आरसिंक -एव्हीएन कागद/ जतन:कागद/

यातला ए म्हणजे आतल्या फोल्डरांसह, वेळा आणि परवानग्या जपून पाठव. व्ही म्हणजे काय करतोयस ते दाखव. आणि एन म्हणजे प्रत्यक्षात काहीच करू नकोस, काय केलं असतंस तेवढं सांग. ही रंगीत तालीम पहिल्या दिवशी तर हवीच, पण कमांडमधलं एक अक्षर बदललं तरी परत हवी. यादी मनासारखी दिसली की एन काढून टाका.

पहिल्या कागदनंतरची तिरकी रेघ नीट पाहा. रेघ असेल तर कागदच्या आतलं सगळं जातं. रेघ नसेल तर कागद हा फोल्डरच जातो आणि सर्व्हरवर कागदच्या आत आणखी एक कागद तयार होतो. आज रेघ दिली, उद्या विसरलात, तर सर्व्हरवर दोन प्रती दोन जागी पडतात आणि आरसिंक चुकूनही तक्रार करत नाही, कारण त्याच्या लेखी तुम्ही दोन वेगळी कामं सांगितलेली असतात. दुसऱ्या बाजूच्या रेघेने इथे काही फरक पडत नाही. गोंधळ नको म्हणून मी दोन्हीकडे देते.

पहिली खेप हातानेच पाठवा आणि वेळेचा अंदाज आधी काढा. इंटरनेटच्या जाहिरातीतला वेग बहुधा उतरवण्याचा (डाउनलोडचा) असतो. आपल्याला लागतो चढवण्याचा (अपलोडचा). चढवण्याचा वेग १० मेगाबिट असेल तर १० गिगाबाइटला ८,००० सेकंद लागतात, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास. १०० गिगाबाइटला जवळपास पूर्ण दिवस. मध्येच जोडणी तुटली तर अर्धवट गेलेली फाईल जपून ठेवायला डॅश डॅश पार्शल द्या. घरातल्या बाकीच्यांचं इंटरनेट रखडत असेल तर बी-डब्ल्यू-लिमिट लावून वेग आवरता येतो. झेड हा पर्याय वाटेत फायली दाबून पाठवतो. मजकुराला तो उपयोगी, पण फोटो, व्हिडिओ आणि झिप आधीच दाबलेले असतात, तिथे प्रोसेसर नुसताच तापतो.

डेटाबेस चालू असताना त्याच्या फायली अशा उचलू नका. आधी त्याच्याच साधनाने डंप, म्हणजे सगळ्या माहितीची एक फाईल, काढा, मग डंप पाठवा. चालत्या डेटाबेसची नुसती कॉपी बऱ्याचदा उघडत नाही.

डिलीटबद्दल थोडं सविस्तर

डॅश डॅश डिलीट दिलं की आपल्याकडे पुसलेली फाईल सर्व्हरवरही पुसली जाते. ऐकायला छान वाटतं. माझे कागद एका बाहेरच्या डिस्कवर होते. एक दिवस डिस्क जोडायची राहिली. डिस्क नसली तरी ती जिथे जोडली जाते ते रिकामं फोल्डर तिथे होतंच. आरसिंकने पाहिलं, इकडे काही नाही, म्हणजे तिकडेही काही नको. त्याने सांगितलेलं काम चोख केलं. सकाळी सर्व्हरवरचा फोल्डर स्वच्छ. डिस्क शाबूत होती म्हणून निभावलं.

त्यानंतर मी तीन गोष्टी लावल्या. डिस्कच्या आत खूण नावाची एक रिकामी फाईल ठेवली. स्क्रिप्ट आधी ती शोधते आणि नसेल तर तिथूनच परत फिरते. दुसरी, मॅक्स-डिलीट: एका वेळी ५० पेक्षा जास्त फायली पुसू नकोस. मर्यादा गाठली की आरसिंक उरलेल्या फायली पुसत नाही आणि २५ हा निकाल देतं. तिसरी, बॅकअप आणि बॅकअप-डिर हे दोन पर्याय. पुसल्या जाणाऱ्या किंवा बदलणाऱ्या फाईलची जुनी प्रत तारखेच्या वेगळ्या फोल्डरात जाऊन पडते. ते फोल्डर कागदच्या बाहेर ठेवा. ही तिसरी गोष्ट लावली नाही तर तुमच्याकडे बॅकअप नाही, नुसता आरसा आहे. फाईल खराब झाली की आरशातही खराबच दिसते. नवख्याने पहिला महिनाभर डिलीट वापरूच नये असं माझं मत आहे. सर्व्हरवर थोडा पसारा होईल, होऊ द्या.

चौथी पायरी: स्क्रिप्ट

आता हे सगळं एका फाईलमध्ये लिहा. आधी खूण तपासणं, मग आरसिंक, मग निकालाची नोंद. पत्ते सगळे पूर्ण लिहा, मुळापासून. माझ्या घरच्या फोल्डरपासून पुढे, असं अर्धवट नको. कालची खेप संपायच्या आत आजची सुरू झाली तर दोन्ही एकमेकांच्या पायात येतात. त्यासाठी लिनक्सवर एफ-लॉक ही कमांड आहे. ती एक कुलूपफाईल धरून ठेवते आणि डॅश एन दिलं असेल तर दुसऱ्या खेपेला दारातूनच परत पाठवते; नाहीतर ती दारात वाट पाहत थांबते.

आरसिंक संपताना एक आकडा देऊन जातं. शून्य म्हणजे सगळं ठीक. २३ म्हणजे काही फायली गेल्या नाहीत, बहुधा परवानगीमुळे. २४ म्हणजे यादी केल्यानंतर एखादी फाईल मूळ जागेवरूनच नाहीशी झाली. तात्पुरत्या फायली असतील तर हे चालतं. २५५ म्हणजे एसएसएचची जोडणीच झाली नाही. हा आकडा तारीख-वेळेसह लॉगमध्ये लिहा. महिन्याभराने त्या लॉगवर नुसती नजर फिरवली तरी काय चाललंय ते कळतं.

पाचवी पायरी: घड्याळ

लिनक्सवर ठरल्या वेळी कामं चालवतो तो क्रॉन. क्रॉनटॅब डॅश ई ही कमांड त्याचं वेळापत्रक उघडते. कीबोर्डवर ईच्या शेजारीच आर आहे, आणि क्रॉनटॅब डॅश आर अख्खं वेळापत्रक काही न विचारता पुसून टाकते. म्हणून वेळापत्रकाची एक प्रत बाजूला ठेवा.

प्रत्येक ओळीत आधी पाच खाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. मग स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता. रोज रात्री २ वाजून १७ मिनिटांनी हवं असेल तर १७, मग २, मग तीन फुल्या. बरोबर दोनचा ठोका टाळा; सगळ्या जगाची कामं पूर्ण तासालाच लागलेली असतात.

टर्मिनलमध्ये चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये चालत नाही, ही तक्रार हमखास येते. कारण क्रॉनला तुमच्या टर्मिनलची सजावट मिळत नाही. कमांड्स कुठे शोधायच्या याची त्याची यादी अगदी तोकडी असते आणि तुमची उघडून ठेवलेली किल्लीही त्याला दिसत नाही. विच आरसिंक असं विचारून आरसिंकचा पूर्ण पत्ता मिळवा आणि स्क्रिप्टमध्ये तोच लिहा. दुसरा खड्डा टक्क्याच्या चिन्हाचा. क्रॉनच्या ओळीत टक्का आला की क्रॉन तिथे ओळ तोडतो. तारखेची कमांड टक्क्यांनीच भरलेली असते, म्हणून ती क्रॉनच्या ओळीत न लिहिता स्क्रिप्टमध्ये ठेवा.

आणि संगणक त्या वेळी बंद असेल तर? क्रॉन हुकलेली वेळ भरून काढत नाही. लॅपटॉप असेल तर ॲनाक्रॉन किंवा सिस्टमडीचा टायमर पाहा, किंवा सरळ दुपारची जेवणाची वेळ धरा. मॅकवर लॉन्चडी हे काम करतं. तिथे क्रॉन वापरलंत तर डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर वाचायची परवानगी सेटिंगमध्ये वेगळी द्यावी लागते.

विंडोजवर एसएफटीपीने फायली पाठवणारा विनएससीपी हा प्रोग्राम घ्या. एकदा हाताने जोडा, सगळं चाललं की त्याच्याच मेनूतून स्क्रिप्ट तयार करून मिळते, सर्व्हरचा ठसाही तीत लिहून येतो. ती विंडोजच्या वेळापत्रकाला, म्हणजे टास्क शेड्युलरला लावा. शेड्युलरमध्ये दोन खुणा करायला विसरू नका: वापरकर्ता लॉगइन नसला तरी चालव, आणि वेळ हुकली तर जमेल तेव्हा लगेच चालव.

बंद पडलंय हे कळणार कसं

काम बंद पडतं तेव्हा आवाज होत नाही. सर्व्हरची डिस्क भरते, कुणी किल्ली काढून टाकतं, फोल्डरचं नाव बदलतं, आणि तुम्ही निवांत असता. बिघडल्यावर मेल पाठव, ही व्यवस्था पुरत नाही, कारण संगणकच बंद असेल तर मेल पाठवणार कोण?

म्हणून उलटं करायचं, हजेरी घ्यायची. आरसिंकचा निकाल शून्य किंवा २४ आला तरच स्क्रिप्टने हजेरी नावाच्या छोट्या फाईलमध्ये आजची तारीख लिहायची आणि ती वेगळ्या कमांडने सर्व्हरवर पाठवायची. ती कागद फोल्डरच्या बाहेर ठेवा, नाहीतर डिलीटच्या तडाख्यात सापडेल. खूण आणि हजेरी एकच फाईल करायचा शहाणपणाही करू नका. स्क्रिप्ट हजेरी स्वतः तयार करते, त्यामुळे डिस्क नसतानाही ती रिकाम्या फोल्डरात तयार होईल आणि खुणेला अर्थच उरणार नाही. मग सर्व्हरवर एक छोटं काम लावा: फाइंड कमांडने हजेरीचं वय पाहायचं आणि ती शिळी झाली असेल तर निरोप द्यायचा. फाइंडमध्ये एमटाइम अधिक १ लिहिलं तर ते पूर्ण दोन दिवस उलटल्यावर लागू होतं, एका दिवसाने नाही.

महिन्यातून एकदा सर्व्हरवरची एखादी फाईल उलट दिशेने आणा. कमांड तीच, दोन्ही बाजूंची अदलाबदल करून आणि वेगळ्या रिकाम्या फोल्डरात. ती उघडून पाहा. नुसती नावांची यादी पाहून भागत नाही.

शेवटी सगळी घडी मुद्दाम एकदा मोडून बघा. कॉन्फिगमध्ये जतनचा पत्ता चुकीचा करून ठेवा आणि निरोप येतो का याची वाट पाहा. आला की पत्ता परत नीट करा. मी ते करायला विसरले, आणि चौथ्या दिवशी निरोप पुन्हा आला.